सैद्धांतिक विश्वरचनाशास्त्रात करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बारावी विज्ञानापासून पीएचडीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. परीक्षांची पात्रता आणि वेळापत्रक दरवर्षी थोडंफार बदलतं. त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचाच.

सैद्धांतिक विश्वरचनाशास्त्रज्ञ दिवसभर नेमकं काय करतो?

हिशेब करतो आणि तो तपासतो. विश्व कशाचं बनलंय, ते कसं प्रसरण पावतंय, सुरुवातीच्या जवळजवळ एकजिनसी वायूतून दीर्घिका कशा घडल्या, याची समीकरणं मांडायची, बहुतेक वेळा संगणकावर सोडवायची आणि आलेला आकडा निरीक्षणाच्या शेजारी ठेवून पाहायचा.

एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांनुसार हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, आहे ६७.४ किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक. एक मेगापार्सेक म्हणजे ३.०८६ गुणिले १० चा १९ वा घात इतके किलोमीटर. किलोमीटरला किलोमीटर कटले की उरतं 'एक भागिले सेकंद'. त्याचा व्यस्त घेतला की वेळ हाती येतो: सुमारे १,४५० कोटी वर्षं. पण हे विश्वाचं वय नव्हे. दीर्घिकांचे दूर जाण्याचे वेग कधी बदललेच नसते, तरच ते वय ठरलं असतं.

आता असं धरा की अवकाश सपाट आहे आणि विश्वात फक्त द्रव्य आहे. मग या आकड्याला दोन-तृतीयांशाने गुणावं लागतं आणि वय येतं साधारण ९६७ कोटी वर्षं. इथे गाडी अडते, कारण आपल्याच आकाशगंगेतले सर्वांत जुने गोलाकार तारकागुच्छ १,२०० कोटी वर्षांहून जुने आहेत. लेक आईपेक्षा मोठी निघाली, म्हणजे गृहीतक चुकलं. द्रव्य ३१.५ टक्के आणि उरलेली कृष्णऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी ऊर्जा) असं घेऊन संकलन पुन्हा केलं, की दोन-तृतीयांशाच्या जागी सुमारे ०.९५ येतं आणि वय १,३८० कोटी वर्षं निघतं. आता ताऱ्यांची तक्रार राहत नाही.

बारावीचं गणित येणाऱ्या कुणालाही यातला पहिला भाग वहीत करता येतो. तो करताना मजा आली की कंटाळा आला, यावरून हे क्षेत्र आपलं आहे का याचा बराच अंदाज येतो.

दुर्बीण हवी का? आकाशदर्शनाचा अनुभव लागतो का?

नाही. आवड असेल तर छानच, पण प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी तिचा विचार होत नाही.

नातेवाईक विचारतात, हे ज्योतिषाशी संबंधित आहे का?

नाही. महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणीही झाली आहे आणि तीत डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे होते. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांतल्या मिळून २०० मुलांच्या कुंडल्या घेतल्या आणि २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. उत्तरं बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवून ठरवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. घरी एवढं सांगितलं तरी पुरतं.

बारावीनंतर कोणत्या वाटेने जावं?

तीन वाटा चालू आहेत. पहिली म्हणजे आयसर किंवा नायसरसारख्या केंद्राच्या विज्ञान संस्थेतला पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. आयसरसाठी त्यांची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट. दुसरी वाट, चांगल्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात बीएस्सी आणि मग जॅम परीक्षेतून आयआयटीत किंवा विद्यापीठाच्या प्रवेशातून एमएस्सी. तिसरी, बीएस्सीनंतर थेट एकात्मिक पीएचडी.

पहिल्या वाटेत प्रयोगशाळा, सहाध्यायी आणि संशोधनाचा माहोल आपोआप मिळतो. दुसऱ्या वाटेने आलेल्या मुलांची अडचण बहुधा एकच असते: परीक्षेत न येणारे धडे सोडून दिलेले असतात. यांत्रिकीमधला लॅग्रांज-हॅमिल्टनचा भाग, विद्युतचुंबकत्वातले विभव आणि प्रारण, आणि संख्याशास्त्रीय यांत्रिकी हे तीन विषय कॉलेजात नीट झाले नसतील तर स्वतः करा. प्रत्येक प्रकरणातली निदान वीस उदाहरणं सोडवा, उत्तर न बघता.

चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह पूर्ण केली तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएचडीला बसता येतं. तरी सैद्धांतिक विषयात एमएस्सीचं पाचवं वर्ष वाया जात नाही, असं आमचं मत आहे. व्यापक सापेक्षता आणि क्वांटम क्षेत्र सिद्धांत बहुतेकांच्या वाट्याला त्याच वर्षी येतात.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या सोडू नका. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम, मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी आणि तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून असलेली उन्हाळी फेलोशिप यांना अर्ज करता येतो. पीएचडीच्या वेळी शिफारसपत्र देऊ शकेल असा माणूस बहुतेकदा इथेच भेटतो.

गणित किती लागतं?

शुद्ध गणितातली खोल प्रमेयं फार थोड्यांना लागतात. रोज लागतं ते असं: अवकल समीकरणं, रेषीय बीजगणित, फूरिये रूपांतर, टेन्सर आणि संभाव्यता. शेवटचा विषय आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. गेल्या तीस वर्षांत विश्वरचनाशास्त्र बदललं ते मोजमापं अचूक झाल्यामुळे. म्हणून आज सिद्धांतकाराला बेझची पद्धत, सहविचरण सारणी आणि त्रुटिपट्ट्यांचा (एरर बार) अर्थ कळलाच पाहिजे. आलेख काढून 'जुळतोय' म्हणायचे दिवस गेले. किती सिग्माने (प्रमाण विचलनाच्या किती पट फरकाने) जुळतोय किंवा जुळत नाही, ते सांगावं लागतं.

शाळा मराठी माध्यमातली होती. अडचण येईल का?

विषय समजण्यात नाही, लिहिण्यात येते. शोधनिबंध, अर्ज, शिफारसपत्रं, सगळं इंग्रजीत असतं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून रोज अर्धं पान इंग्रजीत लिहा, तेही आज सोडवलेल्या एका उदाहरणाबद्दल: काय विचारलं होतं, कोणतं गृहीतक धरलं, उत्तर बरोबर आहे हे कशावरून. तीन वर्षांत हजारभर नोंदी होतात आणि निबंध लिहिण्याची भीती उरत नाही. विचार मराठीत करायला काहीच हरकत नाही. फळ्यावरचं समीकरण कुठल्याही भाषेत तेच राहतं.

इंजिनिअरिंग केलंय. अजून येता येईल का?

येतं. जेस्ट, गेट अशा परीक्षांना इंजिनिअर बसतात आणि काही संस्था बीई-बीटेकनंतर थेट पीएचडीला घेतात. भरून काढावे लागतात ते क्वांटम यांत्रिकी, संख्याशास्त्रीय यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व हे विषय. नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले तर साधारण दीड वर्ष लागतं. प्रोग्रामिंग येत असतं, हा मात्र मोठा फायदा.

पीएचडीचा प्रवेश कसा होतो? मुलाखतीत काय विचारतात?

जेस्ट, सीएसआयआर-नेट (वर्षातून दोनदा), गेट आणि काही संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा असतात. पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, पुण्यातलंच रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए, आयसर, बेंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि आयसीटीएस, प्रयागराजची हरीश-चंद्र संस्था, चेन्नईची आयएमएससी, अहमदाबादची पीआरएल ही या विषयाची मुख्य ठिकाणं. आयुकात पहिलं वर्ष बहुतांशी अभ्यासक्रमाचं असतं आणि तो एनसीआरएबरोबर मिळून चालतो.

परीक्षा फक्त दार उघडते. निवड होते ती फळ्यासमोर. मुलाखतीत नेहमी दिसणारी चूक अशी: विद्यार्थी 'कृष्णविवरं आवडतात' म्हणतो, पॅनेल त्याला साध्या दोलकाचा प्रश्न घालतं आणि तिथेच तो अडतो. लोकप्रिय विज्ञानातली वाक्यं इथे कामाला येत नाहीत.

ज्यातून विद्यार्थी खरोखर कळतो असा एक प्रश्न पाहा. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. मग विश्व थंड होताना अणू कोणत्या तापमानाला तयार झाले? सरळ भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १ लाख ५८ हजार केल्विन. प्रत्यक्षात ते घडलं ३,००० केल्विनच्या आसपास. त्या काळातून उरलेला प्रकाश म्हणजे पार्श्वभूमी प्रारण; ते आज २.७२५ केल्विन आहे आणि त्याचा रेडशिफ्ट (प्रसरणाने प्रकाशलहर किती ताणली गेली त्याचं माप) सुमारे १,०९०. गुणाकार करून पाहा, जुळतं. मग पन्नासपटीहून जास्त फरक कशाने पडला? विश्वात एका प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे शंभर कोटींहून जास्त फोटॉन आहेत. सरासरी ऊर्जा कमी झाली तरी वितरणाच्या शेपटीतले थोडे जोरकस फोटॉन अणू फोडायला पुरतात. ती शेपटी पुरेशी बारीक होईपर्यंत अणू टिकत नाही.

विद्यार्थ्याने पहिलं उत्तर चुकीचं दिलं तरी बिघडत नाही. 'हे जास्त वाटतंय, काहीतरी सुटलंय' असं तो स्वतःहून म्हणाला की पॅनेलचं अर्धं काम झालेलं असतं. मोठ्याने विचार करा, मिती तपासा, टोकाच्या स्थितीत काय होतं ते पाहा.

पीएचडी करताना घर चालेल एवढे पैसे मिळतात का?

केंद्राच्या जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, त्यानंतर ४२,००० रुपये. वसतिगृह नसेल तर वर घरभाडे भत्ता. एकट्याचं भागतं आणि थोडं घरीही पाठवता येतं. फेलोशिप कधीकधी दोन-चार महिने उशिरा जमा होते, म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. मुदत साधारण पाच वर्षांची असते. सहावं वर्ष लागलं तर पैशांची सोय काय, हे मार्गदर्शकाला चौथ्या वर्षीच विचारा.

मार्गदर्शक कसा निवडावा?

विषय बघून नव्हे, आधीचे विद्यार्थी बघून. त्यांच्या गेल्या चार-पाच विद्यार्थ्यांनी किती वर्षांत पीएचडी केली, पहिल्या नावाने किती निबंध लिहिले, पुढे कुठे गेले, हे सगळं जाहीर असतं. त्यातल्या दोघांशी बोला. आठवड्याला तासभर बसून वही तपासणारा मार्गदर्शक तुलनेने कमी प्रसिद्ध असला तरी चालतो.

संगणकाचं काम किती असतं? नवखे कुठे चुकतात?

पायथॉन हवंच. जोडीला सी किंवा फोरट्रान वाचता आलं तर उत्तम. क्लास आणि कॅम्ब हे दोन प्रोग्राम पार्श्वभूमी प्रारणाचे आणि द्रव्याच्या विषमतेचे वर्णपट, म्हणजे कोणत्या आकारमानावर किती चढउतार आहेत याचे आलेख, काढतात. साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत एक धाव पूर्ण होते.

सर्वांत जास्त दिवस खाणारी चूक अगदी किरकोळ दिसते. हबल स्थिरांक १०० ने भागून जो अंक येतो, त्याला 'छोटा एच' म्हणतात. निबंधांमध्ये अंतर बऱ्याचदा 'मेगापार्सेक भागिले छोटा एच' अशा एककात असतं, तर क्लासचा पायथॉनमधला साधा आदेश सरळ मेगापार्सेकमध्ये उत्तर देतो. वर्णपटाच्या उंचीत या एचचा घन येतो. ०.६७४ चा घन म्हणजे ०.३०६. तो विसरला की वक्र तिपटीहून उंच दिसतो. शिवाय आडव्या अक्षावरही एच असतो, त्यामुळे वक्राचा माथा बाजूला सरकतो आणि 'नवं भौतिकशास्त्र सापडलं' असा भास होतो. नवा प्रोग्राम हातात घेतला की आधी एखाद्या प्रसिद्ध निबंधातली एक आकृती जशीच्या तशी काढून पाहा. ती जुळेपर्यंत स्वतःचं काम सुरू करू नका.

दुसरी चूक मार्कोव्ह साखळ्यांची. निरीक्षणांवरून सहा-सात प्रचलांच्या (मॉडेलमधल्या अज्ञात आकड्यांच्या) किमती काढायला संगणक शक्य किमतींमधून लाखभर यादृच्छिक पावलं चालतो; ही पावलं म्हणजे साखळी. चार साखळ्या वेगवेगळ्या जागांहून सोडा आणि साखळ्या एकमेकींशी जुळल्या का ते सांगणारा गेलमन-रुबिनचा अंक १ पेक्षा ०.०१ हूनही कमी फरकावर येईपर्यंत थांबा. घाईने आधीच थांबवलेल्या साखळीतून निघणारी त्रुटिपट्टी बहुधा खोटी अरुंद असते.

तिसरी अडचण जागेची. ५१२ गुणिले ५१२ गुणिले ५१२ कणांचं सिम्युलेशन म्हणजे १३.४ कोटी कण. प्रत्येकाचं स्थान, वेग आणि क्रमांक मिळून ३२ बाइट धरले तर एका क्षणाचं चित्र साधारण ४.३ गिगाबाइट. बाजू दुप्पट केली की आठपट. शंभर क्षण साठवायचे ठरवलं आणि क्लस्टरवरची जागा मध्यरात्री संपली, तर आठवड्याची धाव फुकट जाते. किती क्षण लागणार, ते आधी कागदावर ठरवा.

निबंध कुठे आणि कसा छापतात?

आधी आर्काइव्हवर (arXiv, निबंध सर्वांना खुले ठेवणारी वेबसाइट), मग नियतकालिकात. या विषयाचे नवे निबंध आर्काइव्हवर भारतात सोमवार ते शुक्रवार पहाटे येतात, उन्हाळ्यात साडेपाचला आणि अमेरिकेतलं घड्याळ बदललं की साडेसहाला. सकाळच्या चहाबरोबर शीर्षकं चाळायची आणि दोन-तीन सारांश वाचायचे ही सवय पहिल्या वर्षीच लावून घ्या. पहिल्यांदा निबंध चढवताना कुणाची तरी पुष्टी लागू शकते. ती मार्गदर्शक देतो.

फिजिकल रिव्ह्यू डी आणि जेकॅप या नियतकालिकांत शुल्क न भरता छापता येतं. ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं मासिक जानेवारी २०२४ पासून पूर्ण खुलं झालं आणि तेव्हापासून लेखामागे शुल्क आकारलं जातं. संस्थेची सोय आहे का, ते पाठवण्याआधी विचारा. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या अनोळखी नियतकालिकांपासून लांब राहा. निवड समितीला ती नावं पाठ असतात.

पोस्टडॉकचं वेळापत्रक कसं असतं?

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी. पुढच्या वर्षी सप्टेंबरात रुजू व्हायचं असेल तर आदल्या वर्षी सप्टेंबरात तयारी. बहुतेक अंतिम तारखा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. जाहिराती अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर, अकॅडेमिक जॉब्ज ऑनलाइनवर आणि इन्स्पायर-हेपवर असतात. लागतं काय? परिचयपत्र, निबंधांची यादी, तीन-चार पानांचा संशोधन आराखडा आणि तीन शिफारसपत्रं. पत्र देणाऱ्यांना निदान सहा आठवडे आधी सांगा आणि अर्जांची एक तक्ता-फाइल पाठवा. त्यांना पंचवीस ठिकाणी पत्र चढवायचं असतं.

तारखांचे दोन संकेत लक्षात ठेवा. सैद्धांतिक उच्च ऊर्जा भौतिकीच्या संस्था ७ जानेवारीच्या आधी उत्तर मागत नाहीत. खगोलशास्त्राच्या अमेरिकेतल्या संस्था १५ फेब्रुवारी पाळतात. आपला विषय दोन्हींच्या मध्ये येतो, त्यामुळे एकाचं उत्तर ७ जानेवारीला द्यावं लागतं आणि दुसऱ्याचा निकाल तेव्हा आलेला नसतो. अशा वेळी दुसऱ्या संस्थेला सरळ ईमेल करून आपली यादीतली जागा विचारा. यात काही उद्धटपणा नाही.

तीस-चाळीस अर्ज करून दोन होकार येणं नेहमीचं आहे. दोन ते तीन वर्षांच्या दोन-तीन पोस्टडॉक होईपर्यंत वय पस्तिशीकडे जातं. हे आई-वडिलांना आधीच समजावून सांगितलेलं बरं.

प्राध्यापकाची नोकरी कुठे असते? पगार किती?

आयआयटी-आयसरमध्ये पहिल्या श्रेणीच्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० रुपयांपासून. यूजीसीच्या वेतनश्रेणीत विद्यापीठ आणि अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापक ५७,७०० पासून, सहयोगी १,३१,४०० पासून, प्राध्यापक १,४४,२०० पासून. महागाई भत्ता वगैरे वेगळे. कॉलेजासाठी नेट किंवा महाराष्ट्राची सेट लागते. यूजीसीच्या नियमांनुसार झालेली पीएचडी असेल तर सूट मिळते.

खरा फरक वेळेचा आहे. यूजीसीच्या नियमात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं, आयसरमध्ये साधारण सत्राला एक विषय. परदेशातून परत यायचं असेल तर रामानुजन फेलोशिप आणि इन्स्पायर फॅकल्टी योजना हे दोन पूल आहेत. दोन्ही पाच वर्षांचे आणि दोन्हींना वयाची अट, म्हणून तिसऱ्या पोस्टडॉकच्या आधीच पाहा.

महाराष्ट्रातली एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पीएचडी झालेले अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यात सुट्टीचा पगार नाही आणि संशोधनाला वेळ नाही. विषयावर प्रेम असलेल्या माणसांची ही झीज आहे आणि ती थांबायला हवी. तोवर आमचा सल्ला असा: तासिका तत्त्वाचं काम घेतलंत तर आधीच मुदत ठरवा, दोन वर्षं. तेवढ्यात कायम जागा किंवा पोस्टडॉक जमलं नाही तर दुसरी वाट धरा. सांख्यिकी, सिम्युलेशन आणि प्रोग्रामिंग हाताशी असलेल्या माणसाला विदा-विज्ञान, हवामान अंदाज, वित्तसंस्थांमधलं जोखीम-गणित अशी कामं मिळतात.

लहान गावातल्या कॉलेजात शिकवून संशोधन करता येतं का?

सैद्धांतिक विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, हे मोठं सुख. भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरींचं सापेक्षतेतलं नावाजलेलं समीकरण १९५५ साली आलं. त्यांची कारकीर्द मुख्यतः कोलकात्यात गेली आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी पिढ्या शिकवल्या.

आजच्या शिक्षकाला आयुकाची सहयोगी योजना फार उपयोगी आहे. आयुका १९८८ साली यूजीसीने स्थापली ती विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या लोकांसाठीच. सहयोगी म्हणून निवड झाली की तीन वर्षं तिथे येऊन राहता येतं, ग्रंथालय आणि संगणक वापरता येतात. उन्हाळ्यात तीन आठवडे आणि दिवाळीत एक आठवडा असं धरून वर्षाला एक मर्यादित प्रश्न हातात घ्या. निधीसाठी सैद्धांतिक विषयांची मॅट्रिक्स योजना पाहा. वर्षाला दोन लाख, तीन वर्षं, अशी तिची रचना होती. लॅपटॉप, प्रवास आणि एखादी परिषद एवढं त्यात भागतं.

मुख्य प्रवाहाच्या विरोधातल्या कल्पनेवर काम करावं का?

हा प्रश्न आला की नारळीकरांचं नाव निघतंच. कोल्हापुरात १९३८ साली जन्म, बनारसला बीएस्सी, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याकडे १९६३ साली पीएचडी, १९६४ साली हॉइल-नारळीकर गुरुत्व सिद्धांत. १९६५ साली पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेकांनी हॉइल यांची स्थिर स्थिती विश्वाची कल्पना (विश्वाला सुरुवात नाही, ते कायम एकसारखंच दिसतं) सोडली. नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ साली तिचं सुधारित रूप मांडलं. तेही मुख्य प्रवाहाने स्वीकारलं नाही. मे २०२५ मध्ये ते गेले, तोवर ते महास्फोटाबद्दल प्रश्न विचारत राहिले.

यातून नेमकं काय घ्यायचं? त्यांच्याकडे वेगळी कल्पना होती आणि ती आकड्यांत मांडून तपासायला देण्याइतकं गणितही होतं. हेच महत्त्वाचं. नवख्याने पहिले दोन-तीन निबंध सर्वमान्य पद्धतीने तपासता येतील अशा प्रश्नांवर करावेत. वेगळी कल्पना असेल तर तिने पार्श्वभूमी प्रारणातले एक लाखात एक इतके सूक्ष्म चढउतार समजावून दिले पाहिजेत. बहुतेक पर्याय तिथेच अडतात.

सध्या कोणते प्रश्न उघडे आहेत?

हबल स्थिरांक पार्श्वभूमी प्रारणावरून ६७.४ येतो, जवळच्या तारे-सुपरनोव्हांवरून सुमारे ७३. फरक साधारण पाच सिग्माचा आहे. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या मोजमापांत कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असल्याचे संकेत आहेत, पण त्यांचं वजन सुपरनोव्हांचा कोणता संच घेता त्यावर बदलतं. सावधपणे वाचा. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा संकेत शोधण्याच्या कामात आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरींवरून हबल स्थिरांक स्वतंत्रपणे काढता येतो, म्हणून आज बीएस्सीला असलेल्यांनी तिकडे लक्ष ठेवावं.

लग्न, मूल, करिअरमधला खंड यांचं काय?

नवरा-बायको दोघंही संशोधक असतील तर एकाच शहरात दोन नोकऱ्या मिळणं हा सर्वांत अवघड भाग. पुणे, मुंबई आणि बेंगळुरूला एकाहून जास्त संस्था असल्याने तिथे शक्यता बरी. खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. खंडाच्या काळात महिन्याला एखाद्या चर्चासत्राला ऑनलाइन बसलात आणि जुन्या सहलेखकांशी बोलत राहिलात, तर परतणं सोपं जातं.

एखाद्या प्राध्यापकांना पहिला ईमेल कसा लिहावा?

दीडशे शब्दांत. विषयाच्या ओळीत वर्ष, कॉलेज आणि मागणी. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण. दुसऱ्यात त्यांचा कोणता निबंध वाचला आणि त्यातली कोणती पायरी तुम्ही स्वतः करून पाहिली किंवा कुठे अडलात. मग नेमकी मागणी: मे ते जुलै प्रकल्प, की एमएस्सीचा प्रबंध. सोबत एक पानी परिचय आणि गुणपत्रिका, दोन्ही पीडीएफ. 'मला लहानपणापासून विश्वाचं आकर्षण आहे' हे वाक्य काढून टाका, कारण ते प्रत्येक पत्रात असतं. एकच मजकूर वीस जणांना पाठवू नका. ही मंडळी एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, आणि मग पुढच्या नावाकडे वळा.